हातासकट

चेहऱ्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. चिंचवड स्टेशनजवळच्या एका बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि जन्मभर त्यांनी लोकांचे चेहरेच टिपले, तरी मत हे असं. "चेहरा काय, आधार कार्डावरही असतो," म्हणायचे. "हात दाखवा."

हात दिसत नसतील तर ते फोटो काढत नसत. खिशात नकोत, पाठीमागे नकोत, घडी घातली तर बोटं बाहेर पाहिजेत. पासपोर्ट साइज फोटोत हात येतच नाहीत, हे त्यांनाही मान्य होतं. तरी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायला लावत. "हे थोडंच फोटोत येणार आहे?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "येत नाही. पण चेहऱ्याला माहीत असतं." यावर कुणाला काही सुचेपर्यंत फोटो काढून झालेला असे. फोटो एकच काढत. दुसरा मागितला तर विचारत, "का? पहिल्यात तुम्ही नव्हतात का?"

खोडरबर चालवायचं नाही, हा दुसरा नियम. तीळ, व्रण, देवीचे वण, सगळं जसंच्या तसं. एकदा स्थळं बघायला घेतलेल्या मुलीचे आईवडील गालावरचा मुरूम काढून मागत होते. हे म्हणाले, "मुरूम पंधरा दिवसांत आपोआप जाईल. मग हा फोटोच तेवढा त्याची आठवण राहील." मुलगी हसली, वडील चिडले, आणि मंडळी समोरच्या स्टुडिओत गेली. समोरचा स्टुडिओ अशा मंडळींवरच उभा राहिला. पुढे त्याचे दोन मजले झाले, यांचा मात्र पत्राच राहिला.

एक प्रसंग आमच्या भागात बरेच दिवस सांगितला जाई. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी एक भावी नगरसेवक फोटो काढायला आले. सोबत चार कार्यकर्ते. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, कानाला फोन लावून लांब कुठेतरी पाहायचं, अशी पोझ ठरलेली.

"कुणाचा फोन आहे?" यांनी विचारलं.

"कुणाचा नाय ओ, पोझ आहे."

"मग ठेवा खाली. आल्यावर काढू."

कार्यकर्ते म्हणाले, "अहो भाऊंना वेळ नाही." भाऊ मात्र का कोण जाणे, बसले. फोन आला पाऊण तासानं, आणि तो आईचा होता. भाऊंनी उचलला, कपाळाला आठ्या घालून नीट ऐकून घेतलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला. तो फ्लेक्स महिनाभर चौकात होता. हा माणूस खरंच कुणाचं तरी ऐकतोय, असं लोक म्हणायचे. निवडणुकीत ते पडले, पण डिपॉझिट वाचलं.

त्या फोटोच्या पाठीवर काय लिहिलं आहे, ते पाहिलेल्या थोड्या लोकांत मी आहे. पेन्सिलनं लिहिलं होतं: "आईचा फोन. मेथी आणू का शेपू. मेथी म्हणाले."

ही त्यांची तिसरी खोड. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढत, एक गिऱ्हाइकाची आणि एक स्वतःच्या खोक्यात. दोन्हींच्या पाठीवर पेन्सिलनं एकदोन ओळी लिहून ठेवत. फोटो काढताना काय झालं, कोण काय बोललं, एवढंच. "नवरा बायकोपेक्षा बुटका आहे म्हणून विटेवर उभा. वीट बायकोनं आणली." "आजोबांनी बंडी उसनी आणली आहे. शेजाऱ्याची. शेजारी बाहेर थांबला आहे." गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नसत. मी एकदा विचारलं, लोकांनी वाचलं तर? म्हणाले, "फ्रेममध्ये गेल्यावर पाठ कोण बघतो?"

आमच्या कंपनीत त्यांना 'हातवाले' म्हणत. मी तिथे पर्सोनेल खात्यात होतो. पुढे खात्याचं नाव एचआर झालं, पण काम तेच राहिलं: वरून आलेलं खाली सांगायचं, आणि खालून आलेलं वर सांगताना थोडं कमी करून सांगायचं. हातवाल्यांशी माझा संबंध मुख्यतः खंडेनवमीचा. एरवी आमच्या प्लांटमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावल्याशिवाय आत सोडत नसत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र मशिनं बंद, धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेली, आणि कामगारांच्या घरच्यांना आत यायची मुभा. आपला नवरा रोज आठ तास कुठे उभा असतो, हे बायकोला कळायचा तो एकच दिवस. ती त्याच्या मशिनला हळदीकुंकू लावणार, नारळ फुटणार, आणि मग मशिनशेजारी सगळ्या कुटुंबाचा एक फोटो. तो काढायला हातवाले. दिवाळीच्या मिठाईच्या पुड्याबरोबर फोटो घरी जाई. कित्येक घरांत लग्नाच्या फोटोशेजारी तोच लावलेला मी पाहिला आहे.

प्रेस शॉपमधल्या एका मामांच्या घरी मात्र तो नव्हता. मामा चाकणजवळच्या एका गावचे. लोखंडी पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर त्यांची सारी नोकरी गेली, आणि फार पूर्वी उजव्या हाताची पहिली दोन बोटंही त्यातच गेली. तेव्हापासून तो हात त्यांनी चारचौघांत काढला नाही. जेवायला बसतानासुद्धा भिंतीकडची जागा धरत. खंडेनवमीला मामी काठापदराची साडी नेसून यायच्या, कुंकू लावायच्या, मामांच्या शेजारी उभ्या राहायच्या, आणि मग दर वर्षी तेच संभाषण.

"हात," हातवाले म्हणत.

"न्हाई," मामा म्हणत.

"मग राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या."

असं ओळीनं आठ वर्षं चाललं. दोघांचं भांडण होतं म्हणावं, तर फोटोंची गर्दी ओसरल्यावर हे दोघंच पाण्याच्या टाकीजवळ चहा पीत उभे असायचे. मला मामींचं वाईट वाटायचं. एकदा मी मध्ये पडलो. म्हटलं, "काढा हो. हात पूजेच्या ताटाखाली असला तर काय बिघडतं?" हातवाले म्हणाले, "नुसत्या ताटाचा काढून देऊ का?" मामी म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब, पुढल्या साली बगू," आणि मिठाईचा पुडा घेऊन गेल्या.

मग पुढल्या साली काही बघायचं उरणार नाही, असं वर्ष आलं. प्लांट चाकणला हलायचा ठरला. नवी मशिनं तिकडे येणार, जुने प्रेस भंगारात जाणार, आणि मामा त्याच डिसेंबरात निवृत्त होणार. ती खंडेनवमी शेवटची. मामी ताट घेऊन आल्या. मामा त्यांना घेऊन एका मोठ्या प्रेसपाशी थांबले. मामींनी कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच थांबल्या.

"गेल्या साली तो तिकडचा दावला व्हता," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या साली हिरवा. खरा कंचा?"

मी, हातवाले आणि आजूबाजूचे पाचसहा जण, सगळे ऐकत होतो. मामा वळले आणि चालायला लागले. शॉपच्या पार कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे एक प्रेस होता. जेमतेम मामींच्या खांद्याएवढा. वायसर पाडायच्या कामाचा, शॉपमधला सगळ्यात लहान. त्याला माळसुद्धा अर्धीच आली होती.

मामींनी त्याच्याकडे पाहिलं. खाली वाकून, जिथे पत्रा ठेवतात ती जागा पाहिली.

"एवढासाच हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं त्यांनी मनात केवढं काय उभं केलं होतं, कोण जाणे. मामा म्हणाले, "एवढासाच." मामींनी प्रेसला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आठ वरसं दुसऱ्यांच्याच मशिनीला कुकू लावीत व्हते मी. त्यांची बोटं शाबूत हायेत, ती माज्यामुळं." कुणी तरी हसलं. मामी हसल्या नाहीत. मामांकडे न बघता म्हणाल्या, "काडा आता भायेर."

मामांनी उजवा हात खिशातून काढला आणि प्रेसवर ठेवला. तीन बोटांचा हात, मागे अर्धी माळ, शेजारी नाकापर्यंत कुंकू सांडलेल्या मामी. हातवाल्यांना या वेळी 'हात' म्हणावं लागलं नाही. एकच फोटो काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

तो फोटो इतका सुंदर आला की तिथूनच घोटाळा झाला.

चाकणच्या नव्या प्लांटच्या रिसेप्शनमध्ये 'आपली माणसं' अशी एक भिंत करायची होती. मोठ्या साहेबांनी खंडेनवमीचे सगळे फोटो चाळले आणि मामामामींवर बोट ठेवलं. हाच मध्यभागी, हाच सगळ्यात मोठा. सगळे खूश. मग सेफ्टीच्या साहेबांनी तो जवळून पाहिला. शेजारच्याच भिंतीवर 'शून्य अपघात'चा बोर्ड लागणार होता. फोटो छानच आहे, ते म्हणाले, फक्त हाताचं तेवढं नीट करून घ्या. हे मोठ्या साहेबांनी माझ्या साहेबांना सांगितलं, माझ्या साहेबांनी मला सांगितलं, आणि मी स्टुडिओत गेलो.

हातवाले काउंटरमागे कुणाच्या तरी मुंजीचे फोटो कापत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"नीट म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... बोटं दिसतील असं."

"दिसतायत की. तीन आहेत, तीन दिसतायत."

"पाच दिसतील असं."

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता मोठ्यानं हाकलतील, असं मला वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं. वर जाऊन 'तो ऐकत नाही' असं सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर समोरच्याकडून करून घ्याल."

समोरच्याशी माझं आधीच बोलणं झालं होतं.

"तो कुणाची लावील काय माहीत," ते म्हणाले. "चार दिवसांनी या."

चार दिवसांनी फोटो तयार होता, फ्रेम करून, पाठीला पुठ्ठा ठोकून. प्रेसवर पाच बोटांचा हात. जोड कुठे आहे, ते शोधूनही सापडेना. मोठे साहेब म्हणाले, व्वा.

पुढच्या खंडेनवमीला नव्या प्लांटमध्ये निवृत्त लोकांनाही बोलावलं होतं. मामा आणि मामी आले. रिसेप्शनमधून आत जाताना मामींचं लक्ष भिंतीकडे गेलं. मी कॉफीच्या मशिनपाशी होतो, आणि तिथेच थांबलो. हातवाले कॅमेरा गळ्यात अडकवून दारात उभे होते. मामी फोटोच्या अगदी जवळ गेल्या.

"ह्यो हात कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा, वहिनी," हातवाले म्हणाले. "दोन बोटं माझी. इंटरनेटवर पुष्कळ मिळतात, पण सगळी पॉलिश केलेली. प्रेसवर शोभेनात."

आता मीही पाहिलं. त्या दोन बोटांची नखं पिवळट होती. डार्करूमच्या औषधांत जन्म घालवलेल्या माणसाची नखं. इतके महिने रोज त्या भिंतीवरून जात होतो, तरी मला ती दिसली नव्हती. मामांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"नखं तरी काडायची व्हती," ते म्हणाले.

"घाईचं काम होतं," हातवाले म्हणाले.

दोघंही हसले. मामी मात्र नाही. हातवाल्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचं एक पाकीट काढून त्यांना दिलं. आत खरा फोटो होता, तीन बोटांचा; भिंतीच्या घोळात तो मिठाईच्या पुड्याबरोबर त्यांच्या घरी गेलाच नव्हता. ते तो घरूनच घेऊन आले होते. मामींनी तो पदरानं पुसला, आणि मग त्यांना मी दिसलो.

"साहेब, ह्या हातात काय वाईट व्हतं?"

"वरून सांगितलं होतं, मामी."

मामींनी वर पाहिलं. वर फॉल्स सीलिंग होतं.

मला लाज वाटली. तरी मी तो फोटो भिंतीवरून उतरवला नाही, उतरवा असं कुणाला सांगितलंही नाही. रोज पंच करून त्याच्या समोरून जात राहिलो. हातवाल्यांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. दर वर्षी खंडेनवमीला येत, काम करत, चहा पीत. मामाही कधीकधी यायचे आणि डाव्या हातात कप धरून त्यांच्याशेजारी उभे राहायचे. उजवा हात खाली मोकळा असायचा.

गेल्या हिवाळ्यात हातवाले गेले. त्यांचं घर तळेगावला. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल का? कंपनीत कुणी काढलेला?" घरात फोटोंची खोकी छताला लागली होती, म्हणाली, पण त्यांचा स्वतःचा एकही नाही. कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला होता, आणि त्यालाच हार घातला होता. "पण काका, तो कुणाचा आहे तेच कळत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी खूप आठवून पाहिलं. सगळ्या कंपनीत त्यांचा एकच फोटो होता, आणि त्यात त्यांची फक्त दोन बोटं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणालाही न विचारता रिसेप्शनमध्ये स्टुलावर चढलो आणि तो फोटो उतरवला. तळेगावला नेऊन द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. पण कंपनीच्या गेटमधून वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. सिक्युरिटीवाला परभणीकडचा, नियमाचा पक्का. त्यानं पुस्तक उघडलं.

"सायेब, परत येणारं हाय का न येणारं?"

"न येणारं."

"फ्रेम नेता यायची नाही बघा. फ्रेमवर कंपनीचा नंबर हाय. नुसता फोटो न्या."

त्याच्याच टेबलावर मी फ्रेम पालथी घातली, खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. फोटोच्या पाठीवर पेन्सिल होती. इतकी वर्षं उजेड न लागल्यानं अक्षर अगदी काल लिहिल्यासारखं होतं.

"उजव्या हाताची पहिली दोन बोटं माझी. बाकी हात मामांचा, कुंकू मामींचं. हात नीट करून द्या म्हणून पर्सोनेलचे साहेब सांगायला आले होते. बोलताना त्यांचे दोन्ही हात खिशात होते."

मी ते दोनदा वाचलं. सिक्युरिटीवाल्यानं वर्णनाच्या रकान्यात 'फोटो, एक नग' असं लिहिलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"सायेब, सही."

माझा उजवा हात खिशात होता. तो तिथे कधी गेला, मला कळलं नव्हतं. मी तो बाहेर काढला आणि सही केली.